तिसऱ्या खुर्चीची पाळी

१

निबियाचा चष्म्याच्या दुकानातला सगळा दिवस लोकांना काहीतरी ठरवायला लावण्यात जाई. ही फ्रेम की ती, गोल की चौकोनी, काळी की तपकिरी. गिऱ्हाईक आरशासमोर फार घुटमळायला लागलं की ती गोड हसून म्हणायची, "हीच घ्या, चेहरा उजळतो." स्वतःवर वेळ आली की मात्र तिचं घोडं अडायचं. तिला शौक एकच, व्हिडिओ गेमचा. तोही मारामारीच्या नव्हे, तर गोष्ट असलेल्या, माणसाला दोन दिवस विचारात पाडणाऱ्या गेमचा. असा एखादा घ्यायचा म्हटलं की जगभरातल्या लोकांनी लिहिलेले अभिप्राय ती वाचून काढायची. चांगले वाचून खूश व्हायची, वाईट वाचून हिरमुसायची आणि शेवटी बहुतेकदा न घेताच झोपी जायची.

"लग्नाचंही तुझं असंच झालं," दुकानातला विल्सन म्हणायचा. "तू अभिप्राय वाचत बसलीस आणि नवरा दुसरीने उचलून नेला."

"तुझेही वाचलेत मी. म्हणून तर तू अजून शेल्फावरच पडून आहेस."

त्या एप्रिलमध्ये तिचा जीव 'निवांत दुपार' नावाच्या गेमवर जडला होता. एक घर, एक स्वयंपाकघर, एक बाई. ती येर्बा, म्हणजे कडू पाल्याचा चहा, करून पाजते, बोलते, आणि बोलता बोलता तिच्या घराण्याची गोष्ट उलगडते, एवढंच वर्णन दिलं होतं. पहिला भाग फुकट, पुढचा हवा तर विकत घ्या. अभिप्राय मात्र एकमेकांशी अजिबात जुळत नव्हते. एकाने लिहिलं होतं, आयुष्याकडे बघायची नजर बदलली. पण बहुतेकांची कुरकुर एकच होती: बाईने कसला तरी कडू काढा दिला, आम्ही 'आभारी आहे'चं बटण दाबलं, तर ती उठून आत निघून गेली. संपलं. ही काय गोष्ट झाली?

निबियाला दुकानातच हसू फुटलं. बिचारे परदेशी! येर्बाच्या बैठकीत भोपळ्याचा तुंबा एक, ओढून प्यायची नळी एक. ओतणारा भरून देतो, आपण प्यायचं, नळी सुर्र वाजली की परत द्यायचा. मग तो पुन्हा भरून पुढच्याला. मुकाट्याने परत दिला की फिरून आपली पाळी येते. 'आभारी आहे' म्हणायचं ते एकदाच, पुरे झाल्यावर. म्हटलं की आपण बैठकीतून उठलो. मोन्तेविदेओत हे कुणी कुणाला शिकवत नाही.

"आपल्याकडच्या लोकांना कसा वाटला?" विल्सनने विचारलं.

तिने शोधलं. आपल्याकडच्या एकानेही अभिप्राय लिहिला नव्हता. नदीपलीकडच्या ब्वेनोस आयरेसवाल्यांनीही नाही, आणि ती मंडळी तर पाऊस पडला तरी आपलं मत सांगतात.

"मग पहिला तू लिही," विल्सन म्हणाला. "घ्यावा की न घ्यावा, एकदाचा निकाल लाव."

२

निबियाची आई इर्मा गेल्या ऑगस्टमध्ये, इकडच्या ऐन हिवाळ्यात, गेली. तेव्हापासून वडिलांनी, आनिबालने, येर्बाच्या पाण्याचा थर्मास स्वयंपाकघरातल्या कपाटावर चढवून ठेवला होता. उभ्या आयुष्यात दोघांनी दुपारची येर्बा समोरासमोर बसून घेतली आणि ओतायची नेहमी इर्मा. "एकट्याने काय प्यायची," एवढंच आनिबाल म्हणाला होता आणि त्यानंतर फारसं काही म्हणालाच नव्हता. हा माणूस बंदरातल्या क्रेनवर वाढला, झिजला. एकदा दारात सापडून त्याची उजवी करंगळी कायमची वाकडी झाली, तरी दुसऱ्या दिवशी कामावर हजर. आता त्याचे हात थरथरायचे. दाढी वाढली होती, विजार कमरेला राहत नव्हती. डॉक्टरांनी निबियाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "औषधाचा प्रश्न नाही. यांनी मनाने उभारी धरली नाही, तर येता हिवाळा अवघड आहे."

दर रविवारी ती ला तेखा वस्तीतल्या त्या बैठ्या घरी जायची, पास्ता उकळायची, आणि वडील चार घास इकडून तिकडे सरकवताना बघायची. बघवायचं नाही. म्हणून त्या रविवारी तिने ताटं उचलली, टेबलावर लॅपटॉप उघडला आणि 'निवांत दुपार'चा फुकटचा भाग सुरू केला.

पडद्यावर बाईचा चेहरा दिसत नव्हता. एप्रन, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या आणि दोन हात. हात किटलीतून तुंब्यात पाणी ओतत होते.

"बरोबर ओततेय," मागून आवाज आला.

निबिया दचकली. कित्येक दिवसांत वडील आपणहून बोलले नव्हते.

"काय, पप्पा?"

"नळीच्या कडेने ओततेय. मधोमध ओतलं की सगळा चोथा होतो. नीट शिकवलंय कुणीतरी हिला." त्याने खुर्ची ओढली. "सरक."

३

गेममधल्या टेबलाला तीन खुर्च्या होत्या. एकीत बाई, एक खेळणाऱ्याची, तिसरी रिकामी. बाईने तुंबा भरून पुढे केला. निबियाने 'प्या' दाबलं, मग 'परत द्या'. कोपऱ्यात 'आभारी आहे'चंही बटण होतं. बाईने पुन्हा भरला आणि हात लांब करून तिसऱ्या, रिकाम्या खुर्चीपुढे धरला. धरूनच ठेवला. एखाद्याला प्यायला जितका वेळ लागेल तितका वेळ पडद्यावर काहीही हललं नाही. मग तिने हात मागे घेतला, पुन्हा पाणी ओतलं आणि तुंबा निबियापुढे आला.

कल्पना चांगली आहे, निबियाच्या मनात आलं. नसलेल्या माणसाची पाळी. अभिप्रायात हे लिहायलाच हवं.

पडद्याच्या तळाशी बाईचं बोलणं उमटलं: *गच्चीचं गळणं थांबलं का?*

"डांबर ओतलंय," आनिबाल पडद्याकडे बघून म्हणाला. "पण कोपऱ्यात अजून झिरपतं."

खाली दोन उत्तरं आली. *थांबलं. कोपऱ्यात अजून झिरपतं.* निबियाने दुसरं दाबलं आणि मनाशी म्हणाली, गळत नाही अशी गच्ची या शहरात आहे कुणाची? गेम बनवणाऱ्यालाही ते माहीत असणारच.

फेऱ्या चालू राहिल्या. बाई साधंच काहीतरी विचारायची, आनिबाल बोलायचा, निबिया बटणं दाबायची. दर फेरीला तिसऱ्या खुर्चीपुढचा तो थांबा किंचित लांबतोय असं तिला वाटलं. मग एकदा, बाई हात मागे घेण्याच्या जरा आधी, नळीचा आवाज आला. सुर्रर्र. तुंबा तळाला गेल्याचा.

"आवाज बाकी झकास दिलाय," ती म्हणाली.

आनिबाल हसला. हसला! दात न लावलेल्या तोंडाने, पण हसला. निघताना तिने लॅपटॉप तिथेच ठेवला.

त्या आवाजातली गोम तिच्या ध्यानात बसमध्ये आली. गाणी ऐकावी म्हणून तिने पिशवीत हात घातला, तर इयरफोनची वायर सकाळी गुंडाळली होती तशीच होती. लॅपटॉपचा स्पीकर तिनेच गेल्या वर्षी त्यावर सरबत सांडून मारला होता. तेव्हापासून इयरफोन लावल्याशिवाय त्यातून आवाज म्हणून येत नव्हता. मग ते सुर्र कुठून आलं? मोरीच्या पाइपातून आलं असेल. शेजाऱ्यांकडून आलं असेल. भिंती किती पातळ आहेत त्या घराच्या! तिने स्वतःला समजावलं, आणि ते पटेना म्हणून पुन्हा समजावलं.

४

गुरुवारी वडिलांचाच फोन आला. हेही आक्रीतच.

"विकत घेतलास का?"

"अजून नाही, पप्पा. ठरत नाहीये. पुढचा भाग कसा आहे कुणास ठाऊक."

"तुझं कधी ठरलंय म्हणा. मी थर्मास खाली काढला. कोपऱ्यावरनं येर्बा आणली, पाव आणला. आणि दाढी केली."

निबियाला रडूच कोसळलं, पण तिने आवाज सांभाळला. "फुकटचा भाग संपला नाही अजून?"

"पाहुणा उठल्याशिवाय बैठक कशी संपेल? मी काही आभारी आहे म्हणालो नाही."

"म्हणजे तुम्ही तोच खेळताय? रोज?"

"खेळतोय कुठे? बसतोय."

फोन ठेवल्यावर काय वाटून घ्यावं हे तिला कळेना. गेल्या आठ महिन्यांत तिने काय काय करून पाहिलं होतं, फिरायला नेलं, डॉक्टर बदलले, मांजराचं पिल्लूसुद्धा आणलं. जे कशाने झालं नाही ते एका फुकटच्या गेमने केलं होतं. तक्रार करायला जागाच नव्हती. तरीपण इतका वेळ फुकट बसू देणारी कंपनी कुठली? आणि त्या बाईची गोष्ट पुढे सरकते तरी कशी?

विल्सननेही एव्हाना घरी गेम उतरवून पाहिला होता.

"बोअर. दोन फेऱ्या झाल्या, मग मॅच सुरू होणार होती म्हणून मी आभारी आहे म्हणून उठलो."

"ती तिसरी खुर्ची बघितलीस ना? काय वाटलं तुला?"

"कसली तिसरी? दोनच खुर्च्या आहेत. एक तिची, एक आपली."

"नीट बघितलं नसशील तू."

"अगं, मी चष्मे विकतो," विल्सन म्हणाला. "दोनच आहेत, आईशप्पथ."

तिने पुन्हा सगळे अभिप्राय चाळले. टेबलाबद्दल लिहिलं होतं, किटलीबद्दल होतं, खिडकीतल्या उन्हाबद्दल एकाने पानभर लिहिलं होतं. तिसऱ्या खुर्चीबद्दल कुणीही काही लिहिलं नव्हतं.

५

रविवारी ती पास्ता घेऊन पोचली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आत आनिबाल बोलत होता. शांतपणे, मध्येमध्ये थांबत, समोरच्याचं ऐकून घेत. लॅपटॉप चालू असेल, ती मनाशी म्हणाली, आणि स्वयंपाकघरात आली.

लॅपटॉप फ्रिजवर होता. मिटलेला, वर फडकं घडी करून ठेवलेलं.

टेबलापाशी तीन खुर्च्या होत्या. तिसरी आईची, वेताची. ऑगस्टनंतर ती निजायच्या खोलीत गेली होती आणि तिच्यावर न धुतलेल्या कपड्यांचा ढीग साठला होता. आता ती पुसून चकचकीत केलेली होती आणि टेबलापासून जराशी मागे ओढलेली होती, कुणीतरी बसेल इतकी.

"आलीस? बैस," वडील म्हणाले. "त्या खुर्चीत नको."

"पप्पा, कुणाशी बोलत होता?"

"बोलत होतो." त्याने तुंबा भरला आणि तिच्यापुढे केला. हात थरथरत नव्हता. ती प्यायली. येर्बा मस्त कडक होती, पाणी हवं तितकंच गरम. तिने मुकाट्याने परत दिला. त्याने पुन्हा भरला, आणि हात वेताच्या खुर्चीपुढे लांब केला.

निबियाने खिडकीकडे तोंड फिरवलं. दोरीवर शेजाऱ्यांचे कपडे वाळत होते. त्यातला एक शर्ट उलटा टांगला होता आणि ती त्या शर्टाकडे बघत राहिली, कारण दुसरीकडे कुठे बघायची तिची छाती होत नव्हती. माणूस दुःखात असं करतो, तिने स्वतःला बजावलं. डॉक्टरांना विचारायला हवं. मागे मोरीच्या बाजूला काहीतरी वाजलं, आणि ते नेमकं काय वाजलं हे तिने ठरवलं नाही.

"पप्पा, ते गेममधले हात आईचे नाहीत," तिने एकदम सांगून टाकलं. "मी नीट बघितलेत. आईची बोटं आखूड होती. ही लांब आहेत."

"हात काय, कुणाचेही असोत. पाळी कुणाची आहे ते बघायचं."

"मी लॅपटॉप घरी नेते. तिथे इंटरनेट बरं आहे, तिथूनच विकत घेते."

ती खोटं बोलत होती आणि ते त्याला कळलं असावं. त्याने मान डोलावली. "ने. पण नीट निरोप घे. एकदम उठून जाऊ नकोस, वाईट दिसतं."

६

घरी पोचली तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. तिने मुद्दाम पडदे सरकवले, पंखा लावला, रस्त्यावरच्या पोरांचा गोंगाट आत येऊ दिला. काढून टाकायच्या आधी एकदा बघायचं, बस. विल्सन म्हणतो तशा दोन खुर्च्या आहेत की आपण म्हणतो तशा तीन, एवढंच.

तीनच होत्या.

बाईने तुंबा पुढे केला. निबियाने 'प्या' दाबलं, 'परत द्या' दाबलं. बाईने भरला आणि हात तिसऱ्या खुर्चीकडे लांब केला.

पडद्याच्या कडेने दुसरा एक हात आला. राखाडी स्वेटरची बाही, मनगटाशी उसवलेली. ती उसवण निबिया गेली दोन वर्षं शिवून देते म्हणत होती. हाताने तुंबा घेतला. त्याची करंगळी वाकडी होती. हात बिलकूल थरथरत नव्हता.

पंखा फिरत होता. खाली पोरं ओरडत होती. तो स्वेटर आपण आता दोन तासांपूर्वी पप्पांच्या अंगावर पाहिला, निबियाच्या मनात आलं. नंतर वाटलं, लॅपटॉपला कॅमेरा आहे, आठवडाभर तो त्यांच्याकडे रोखलेला होता, आजकाल काय वाट्टेल ते करतात. तोवर तिच्या बोटाने 'आभारी आहे' दाबून टाकलं होतं.

बाईचे हात जागच्या जागी थांबले. मग तिने किटली टेबलावर ठेवली, एप्रनला हात पुसले आणि उठली. वाकडी करंगळी टेबलावर तशीच राहिली. पडदा पांढरा झाला. *पुढचा भाग विकत घ्यायचा आहे का? हो. नको.*

असा नेमका प्रश्न तिला आयुष्यात बऱ्याचदा पडला होता आणि तिने तो कायम उद्यावर ढकलला होता. या वेळी तिने क्षणाचाही उशीर केला नाही. नको. गेम काढून टाकला, लॅपटॉप बंद केला, आणि वडिलांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. वाजत राहिली.

"हं," अखेर वडील म्हणाले.

"पप्पा! कुठे होता तुम्ही?"

"इथेच. बसलो होतो. उद्या सकाळी ये. दुकानात उशिरा जा."

७

सोमवारी सकाळी तिला वाटेत एकच धास्ती होती. गेम गेला, आता वडील पुन्हा पूर्वीसारखे होतील. थर्मास परत कपाटावर चढेल, दाढी वाढेल आणि हिवाळा तर तोंडावर आलेला. आपण भिऊन आपल्याच बापाच्या हातातला आधार काढून घेतला, असं तिला सारखं वाटत होतं.

आनिबालने दार उघडलं. दाढी ताजी केलेली, केसांना पाणी लावून भांग पाडलेला, अंगात तोच स्वेटर. मनगटाशी बाही शिवलेली होती. बारीक, एकसारखे टाके. वडिलांना सुईत दोरा ओवता येत नव्हता.

"मी तो गेम घेतला नाही, पप्पा," ती दारातच म्हणाली. "काढूनच टाकला. तुम्हाला वाईट वाटलं तरी..."

"नको घेऊस. आता कशाला लागतोय?" तो आत वळला. "ये, पाणी तापलंय."

टेबलावर थर्मास होता, खारे पाव होते, तीन खुर्च्या होत्या. निबिया आपल्या खुर्चीत बसली. त्याने भरून दिला, ती प्यायली, परत दिला. त्याने पुन्हा काठोकाठ भरला आणि वेताच्या खुर्चीपुढे हात लांब केला. या वेळी तिने खिडकीकडे बघितलं नाही, पण वरही बघितलं नाही. तिने आपल्या पुढ्यातल्या पावाकडे बघितलं. वेत करकरला, जुन्या खुर्चीत कुणी पुढे वाकलं की करकरतो तसा. आणि मग, तिच्यापासून हातभर अंतरावर, नळी सुर्रर्र वाजली.

वडिलांनी हात मागे घेतला आणि थर्मास वाकडा केला. काठोकाठ भरलेल्या तुंब्यात ओतलं असतं तर पाणी टेबलावर सांडलं असतं. सांडलं नाही. रिकाम्या तुंब्यात पडतं तसं ते खळखळत आत गेलं.

टेबलावरचा तिचा फोन उजळला. विल्सनचा निरोप होता: *काय मग, ठरलं का? घ्यावा की न घ्यावा?* तिने फोन पालथा घातला.

आनिबाल वेताच्या खुर्चीकडे जरा कलून, लक्ष देऊन काहीतरी ऐकत होता. मग त्याने मान डोलावली आणि तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थोडं नवल होतं फक्त.

"आई विचारतेय," तो म्हणाला, "काल एवढ्यातच आभारी आहे का म्हणालीस?"

काल ती स्वतःच्या घरात एकटी होती. ते बटण दाबल्याचं तिने कुणाला, अगदी विल्सनलाही सांगितलं नव्हतं. तिला उठून पळायचं होतं आणि वडिलांना घट्ट धरून बसायचंही होतं, आणि यातलं कुठलं आधी करावं हे तिचं तिलाच समजेना. पाळी तिची होती. वडिलांनी तुंबा पुढे धरला होता. हात स्थिर होता, डोळ्यांत ऑगस्टपासून हरवलेली चमक होती. या टेबलावरून उठायला दोन शब्द पुरेसे होते, आणि ते तिच्या ओठांवर होते. पण ती उठली की मागे या खोलीत कोण कोण उरणार, हेही तिला दिसत होतं.

तिने तुंबा घेतला. घोट घोट करत, नळी वाजेपर्यंत, सगळं प्यायली. मग तो वडिलांच्या हातात परत दिला, आणि काहीच म्हणाली नाही.